डेंग्यूच्या दाखल रुग्णाचे रक्ताचे रिपोर्ट कसे वाचावेत

ऐन पावसाळ्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत महाराष्ट्रातील शहरांत आणि अलीकडे गावांतही डेंग्यूचे रुग्ण मोठ्या संख्येने रुग्णालयात दाखल होतात. त्यांच्या नातेवाइकांच्या तोंडी या काळात एकच प्रश्न असतो, तो म्हणजे ‘आज प्लेटलेट किती?’ प्रश्न गैर नाही, परंतु डेंग्यूचा रुग्ण दगावतो तेव्हा त्यामागे बहुधा प्लेटलेटची कमतरता हे मुख्य कारण नसते. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बाहेर गेल्यामुळे रक्ताभिसरण कोलमडणे, हे त्याचे नेहमीचे कारण असते. या झिरपण्याच्या खुणा प्लेटलेटच्या रकान्यात दिसत नाहीत. त्या हिमॅटोक्रिट आणि अल्ब्युमिनच्या आकड्यांत दिसतात, तर सोडियम आणि यकृताच्या एन्झाइमचे आकडे आजाराचे इतर परिणाम दाखवतात. हे आकडे रिपोर्टमध्ये छापलेले असूनही बहुतेक घरांत ते कोणी वाचत नाही. ते कसे वाचावेत, एकमेकांशी कसे ताडून पाहावेत आणि डॉक्टरांना नेमके काय विचारावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे. रिपोर्ट वाचून घरच्यांनी सलाईन वाढवायला किंवा औषध बंद करायला सांगावे, असा याचा हेतू नाही. राउंडच्या वेळी डॉक्टर दोन-चार मिनिटे खाटेजवळ थांबतात, तेव्हा मुद्द्याचे बोलता यावे, एवढाच आहे.

आधी तापाचा दिवस ठरवावा

डेंग्यूच्या कोणत्याही आकड्याला तापाच्या दिवसाशिवाय अर्थ नाही. ताप ज्या दिवशी आला तो पहिला दिवस, मग रुग्ण चौथ्या दिवशी दाखल झालेला असो की पाचव्या. दाखल झाल्याच्या तारखेपासून मोजण्याची चूक सर्रास होते आणि तिच्यामुळे पुढचा सगळा हिशोब दोन-तीन दिवसांनी चुकतो. तेव्हा घरातल्या दोघा-तिघांना विचारून, कामावर किंवा शाळेत कोणत्या दिवशी गेला नाही हे आठवून, ताप येण्याचा दिवस आणि शक्य असल्यास वेळही निश्चित करावी.

आजाराचे टप्पे तीन. पहिला तापाचा, जो साधारण २ ते ७ दिवस चालतो. दुसरा धोक्याचा, जो ताप उतरण्याच्या सुमारास, बहुधा चौथ्या ते सहाव्या दिवसाच्या आसपास सुरू होऊन २४ ते ४८ तास टिकतो. तिसरा सावरण्याचा, ज्यात बाहेर झिरपलेले पाणी पुढच्या २ ते ३ दिवसांत रक्तात परत येते. ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त होतात, नेमकी तीच वेळ सावध राहण्याची असते, हे या आजाराचे सर्वांत फसवे वैशिष्ट्य आहे.

निदानाच्या चाचण्याही याच दिनदर्शिकेने चालतात. एनएस-१ हे विषाणूचेच प्रथिन असल्यामुळे ते पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते. त्यानंतर आयजीएम प्रतिपिंडे दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही, किंवा सातव्या दिवशी एनएस-१ निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही, असे म्हणता येत नाही. कार्डावरच्या झटपट चाचणीपेक्षा एलायझा पद्धतीच्या चाचणीवर शासकीय कार्यक्रमाचा भर असतो. त्यासाठीचे आयजीएम किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तयार करते आणि ते देशभरातील निवडक शासकीय रुग्णालयांना पुरवले जातात. एकदा निदान झाल्यावर मात्र या चाचण्या पुन्हापुन्हा करण्यात अर्थ नसतो, कारण एनएस-१ पॉझिटिव्हवरून आजार किती तीव्र होईल हे कळत नाही. पुढचे काम सीबीसी (रक्तातील पेशींची मोजणी) आणि बायोकेमिस्ट्रीच्या (रक्तातील रसायनांच्या) रिपोर्टचे.

तक्ता कसा करावा

मोबाइलवर आलेले वेगवेगळे पीडीएफ उघडून पाहण्यात चाल लक्षात येत नाही, म्हणून एका वहीच्या पानावर आडवा तक्ता करावा. डाव्या बाजूला तारीख, तापाचा दिवस आणि रक्त घेतल्याची वेळ लिहावी. त्यापुढे हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, एसजीओटी व एसजीपीटी (यकृताचे एन्झाइम), अल्ब्युमिन, सोडियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा) असे रकाने आखावेत. शेवटी दोन रकाने प्रयोगशाळेबाहेरचे असावेत. त्यांपैकी एकात गेल्या २४ तासांत शिरेतून आणि तोंडाने किती पाणी गेले ते, आणि दुसऱ्यात लघवी किती झाली ते लिहावे. हे दोन रकाने नसतील, तर बाकीच्या आकड्यांचा अर्थ निम्माच लागतो.

हिमॅटोक्रिट रिपोर्टमध्ये कधी एचसीटी तर कधी पीसीव्ही या नावाने असते. दोन्ही एकच. एसजीओटीला एएसटी आणि एसजीपीटीला एएलटी असेही छापतात. शक्यतो सर्व नमुने एकाच प्रयोगशाळेत जावेत, कारण यंत्र बदलले की हिमॅटोक्रिटमध्ये एक-दोन अंकांचा फरक यंत्रामुळेच पडू शकतो आणि येथे एक-दोन अंकांनाही महत्त्व असते. रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेल्या ‘नॉर्मल रेंज’च्या रकान्यावर मात्र फार विसंबू नये. तो रकाना निरोगी समूहासाठी असतो आणि तुमच्या रुग्णाचे आजारपणापूर्वीचे रक्त कसे होते, हे त्याला ठाऊक नसते.

हिमॅटोक्रिट: सगळ्यांत आधी पाहायचा आकडा

रक्तात पेशींनी व्यापलेला भाग शेकडा किती, हे हिमॅटोक्रिट सांगते. पुरुषांत ते साधारण ४० ते ५० आणि स्त्रियांत ३६ ते ४६ असते. डेंग्यूत शरीराची प्रतिकारयंत्रणा खवळून जी रसायने सोडते त्यांच्यामुळे, आणि एनएस-१ या प्रथिनाच्या थेट परिणामामुळेही, रक्तवाहिन्यांच्या आतले नाजूक अस्तर सैल पडते. मग पाणी, क्षार आणि अल्ब्युमिनसारखी प्रथिने बाहेर झिरपतात आणि पोटात किंवा फुप्फुसाभोवती साठतात. तांबड्या पेशी आकाराने मोठ्या असल्याने आतच राहतात. त्यामुळे रक्त दाट होते आणि हिमॅटोक्रिट वर चढते. आजारापूर्वीच्या किंवा पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या आकड्यापेक्षा ते २० टक्क्यांनी किंवा त्याहून अधिक वाढले, तर लक्षणीय प्रमाणात पाणी झिरपत आहे असे समजतात.

हिशोब सोपा आहे. आजच्या आकड्यातून मूळ आकडा वजा करावा, उरलेल्याला मूळ आकड्याने भागावे आणि १०० ने गुणावे. समजा, ३२ वर्षांच्या एका बाईंना ताप येऊन दुसरा दिवस आहे. हिमोग्लोबिन १०.२ आणि हिमॅटोक्रिट ३१. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला आहे, हिमोग्लोबिन १२.६ आणि हिमॅटोक्रिट ३८ आले आहे. रिपोर्टमध्ये दोन्ही आकड्यांपुढे कोणतीही खूण नाही, कारण दोन्ही ‘नॉर्मल’मध्ये बसतात. घरच्यांना तर आनंदच होतो, कारण तीन दिवसांपूर्वी हिमोग्लोबिन कमी होते ते आता सुधारले. प्रत्यक्षात ३१ वरून ३८ म्हणजे सुमारे २३ टक्के वाढ आहे आणि रिपोर्टवर लाल अक्षर नसले तरी रुग्ण धोक्याच्या टप्प्यात शिरला आहे. आमटी आटून खारट लागली म्हणून त्यात कोणी मीठ वाढवले असे होत नाही, तसेच हे हिमोग्लोबिन वाढलेले नाही, त्याच्या भोवतीचे पाणी कमी झाले आहे.

हे उदाहरण मुद्दाम अशा रुग्णाचे घेतले आहे, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. मूळचे हिमॅटोक्रिट ३० असलेल्या स्त्रीला ३६ हा आकडा धोक्याचा असतो आणि तोच आकडा रिपोर्ट ‘नॉर्मल’ म्हणून छापतो. म्हणून मूळ आकडा शोधून काढण्याचे काम नातेवाइकांनीच करावे. बाळंतपणाची फाइल, एखाद्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या, कंपनीतली वार्षिक तपासणी यांपैकी काहीतरी बहुतेक घरांत असतेच. जुन्या कागदावर फक्त हिमोग्लोबिन असेल, तर त्याची तिप्पट म्हणजे ढोबळमानाने हिमॅटोक्रिट. दाखल करतानाच हा जुना आकडा डॉक्टरांना सांगितला, तर त्याचा उपयोग नव्याने केलेल्या एखाद्या महागड्या तपासणीपेक्षा अधिक होतो, असे माझे मत आहे.

आता उलटी बाजू पाहू. हिमॅटोक्रिट खाली आले, तर त्याचे तीन अर्थ होऊ शकतात आणि ते तिन्ही परस्परांहून फार वेगळे आहेत. सलाईन चालू असल्यामुळे रक्त पातळ झाले, हा पहिला. सावरण्याचा टप्पा सुरू होऊन बाहेरचे पाणी आत परतले, हा दुसरा, आणि शरीरात कुठेतरी, बहुधा पोटात, रक्तस्राव होत आहे, हा तिसरा. नुसत्या आकड्यावरून त्यांतला फरक कळत नाही. रुग्णाला भूक लागली आहे, लघवी मोकळी होत आहे, नाडी संथ आहे आणि हिमॅटोक्रिट ३८ वरून ३३ झाले, तर ती चांगली बातमी. तोच ३८ चा ३३ झाला, परंतु नाडी वेगाने चालते आहे, हातपाय गार आहेत, रुग्ण बेचैन आहे, शौचाला डांबरासारखे काळे झाले, तर ती धावपळ करण्याची वेळ. वरचा आणि खालचा रक्तदाब यांतले अंतर २० किंवा त्याहून कमी होणे, उदाहरणार्थ १०० वर ८२, ही शॉक, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडणे, सुरू झाल्याची खूण मानतात. वरचा आकडा शंभर आहे म्हणून रक्तदाब ठीक आहे, असे समजू नये.

धोक्याच्या टप्प्यात हिमॅटोक्रिट दिवसातून एकदा पाहून भागत नाही. रुग्णाच्या स्थितीनुसार दर ४ ते ६ तासांनीही ते पाहावे लागते, म्हणून वारंवार रक्त घेतले जाते याचा राग मानू नये.

अल्ब्युमिन आणि सोडियम

अल्ब्युमिन यकृतात तयार होते आणि रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवण्याचे मोठे काम करते. सामान्यतः ते ३.५ ते ५ ग्रॅम प्रति डेसिलिटर असते. रक्तात एकदा आलेल्या अल्ब्युमिनपैकी निम्मे नाहीसे व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणून दाखल होताना ४.१ असलेले अल्ब्युमिन दोन दिवसांत ३.० वर आले, तर यकृताने ते बनवणे थांबवले असे कारण असू शकत नाही, कारण इतक्या लवकर तसा परिणाम दिसणे शक्य नसते. ते बाहेर झिरपले आहे, आणि काही अंशी सलाईनमुळे पातळ झाले आहे, असाच त्याचा अर्थ घ्यावा. सलाईनमुळे हिमॅटोक्रिट दबून राहिले आणि त्यामुळे झिरपणे लक्षात आले नाही, अशा वेळी अल्ब्युमिनचा हा रकाना खरी परिस्थिती सांगतो. अनेक ठिकाणी लिव्हर फंक्शन टेस्ट एकदाच, दाखल होताना केली जाते. धोक्याच्या टप्प्यात अल्ब्युमिन पुन्हा पाहायचे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. ते कमी झाले म्हणून घरच्यांनी अंडी किंवा प्रोटीन पावडर यांचा मारा करण्याची गरज नाही, कारण गळती थांबली की आकडा हळूहळू आपोआप सुधारतो.

पोटाच्या सोनोग्राफीत याच काळात ‘पित्ताशयाची भिंत जाड झाली आहे’ आणि ‘पोटात किंचित पाणी आहे’ असे शेरे येतात. तेही याच झिरपण्याचे परिणाम असतात. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा विचार तेवढ्यावरून कोणी मनात आणू नये.

सोडियम १३५ ते १४५ असावे. डेंग्यूत ते १३० ते १३५ च्या दरम्यान घसरलेले पुष्कळदा आढळते. उलट्या, जेवण बंद, आजाराच्या ताणामुळे शरीराने पाणी धरून ठेवणे, आणि या सगळ्यावर नुसत्या साध्या पाण्याचा भडिमार, अशी त्याची कारणे एकत्र येतात. रुग्णाला भेटायला येणारा प्रत्येक जण हातात शहाळे घेऊन येतो. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम फार थोडे असते, तेव्हा दिवसाकाठी एखादे शहाळे ठीक, परंतु त्यालाच ओआरएसची जागा देऊ नये. ओआरएसच्या १ लिटर द्रावणात ७५ मिलीइक्विव्हॅलंट सोडियम असते. पाकीट ज्या मापाचे असेल तेवढ्याच पाण्यात ते मिसळावे. मूत्रपिंडाच्या रुग्णाला शहाळे देण्यापूर्वी मात्र डॉक्टरांची परवानगी घ्यावी, कारण पोटॅशियम त्याच्या जिवावर बेतू शकते. तसेच पेयांच्या दुकानात ओआरएससारखी दिसणारी गोड पेये मिळतात, ती ओआरएस नव्हेत. सोडियम १२५ च्या खाली गेले आणि रुग्ण गुंगीत असेल किंवा असंबद्ध बोलत असेल, तर तत्काळ कळवावे.

यकृताचे एन्झाइम

एसजीओटी आणि एसजीपीटी यांची सामान्य मर्यादा सुमारे ४० पर्यंत असते. डेंग्यूत बहुतेक रुग्णांमध्ये हे दोन्ही वाढतात आणि १०० ते ३०० हे आकडे पाहून घाबरण्याचे कारण नसते. येथे पाहण्यासारखी गोष्ट अशी की डेंग्यूत बहुधा एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा जास्त असते. एसजीपीटी प्रामुख्याने यकृतातून येते, तर एसजीओटी यकृताबरोबरच स्नायू, हृदय आणि तांबड्या पेशी यांतूनही येते, आणि या आजारात हाडे मोडल्यासारखे अंग दुखते ते स्नायूंनाही इजा झालेली असते म्हणूनच. वर सांगितलेल्या बाईंच्या रिपोर्टमध्ये एसजीओटी २८६ आणि एसजीपीटी १३४ असेल, तर ते या आजाराच्या नेहमीच्या चालीला धरून आहे. पाण्यातून होणाऱ्या हिपॅटायटिस ए किंवा ई या काविळीत बहुधा उलटे असते. तेथे एसजीपीटी पुढे असते, आकडे हजारांत जातात आणि कावीळ दाखवणारे बिलिरुबिनही ठळकपणे वाढते. डेंग्यूत बिलिरुबिन बहुधा सामान्य किंवा किंचित वाढलेले राहते.

सावरताना आणखी एक बदल दिसतो. एसजीओटी रक्तातून लवकर नाहीसे होते आणि एसजीपीटीला जास्त वेळ लागतो, त्यामुळे आठव्या-नवव्या दिवशी एसजीपीटी हे एसजीओटीच्या पुढे गेलेले दिसू शकते. दोन्ही आकडे उतरत असतील, तर ही अदलाबदल काळजीची नाही. यांपैकी कोणतेही एक १००० च्या वर गेले, तर मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या वर्गीकरणानुसार आजार तीव्र स्वरूपाचा ठरतो. मग साखर, रक्त गोठण्याच्या चाचण्या आणि रुग्णाची शुद्ध यांवर बारीक लक्ष ठेवावे लागते.

पॅरासिटामॉलचा हिशोबही याच ठिकाणी करावा. ताप उतरत नाही म्हणून घरून आणलेली गोळी, वॉर्डातली गोळी आणि शिरेतून दिलेले औषध अशी तिन्ही एकत्र झाली, तर आधीच त्रासलेल्या यकृतावर भार पडतो. घरचा औषधांचा डबा नर्सकडे द्यावा किंवा घरी परत पाठवावा, हे उत्तम. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन ही अंगदुखीची औषधे रक्तस्राव वाढवू शकतात. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्या रुग्णाबाबत दाखल होतानाच सांगावे, परस्पर बंद करू नये आणि परस्पर देऊही नये.

साखर, क्रिएटिनिन, लॅक्टेट

मधुमेही रुग्णाची साखर आजाराच्या ताणामुळे वाढते आणि डेक्स्ट्रोजची (साखरेच्या सलाईनची) बाटली लावली की आणखी वाढते. उलट, लहान मुलांमध्ये उपाशी राहून आणि उलट्या होऊन ती घसरू शकते. मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या दाखल असताना स्वतःहून देऊ नयेत. युरिया वाढले आणि क्रिएटिनिन तितके वाढले नाही, तर बहुधा शरीरात पाणी कमी आहे. दोन्ही वाढत गेले आणि लघवी तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्धा मिलिलिटर, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलिलिटर, याहून कमी झाली, तर मूत्रपिंडापर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नाही. अतिदक्षता विभागात लॅक्टेट, म्हणजे प्राणवायू कमी पडल्यावर पेशींत वाढणारे रसायन, मोजतात. ते २ च्या आत असावे आणि ४ च्या वर जाणे म्हणजे पेशींना पुरेसा प्राणवायू मिळत नसल्याचा स्पष्ट इशारा असतो.

प्लेटलेट

सामान्य संख्या दीड ते साडेचार लाख. डेंग्यूत आधी पांढऱ्या पेशी घसरतात, मग प्लेटलेट, आणि सावरतानाही पांढऱ्या पेशी आधी वर येतात. तेव्हा पांढऱ्या पेशी २,१०० वरून ३,४०० झाल्या आणि प्लेटलेट अजून खालीच आहेत, तर एक-दोन दिवसांत त्याही उलटतील अशी आशा धरायला हरकत नाही. प्लेटलेट झपाट्याने कमी होत असतानाच हिमॅटोक्रिट वाढत असेल, तर ही जोडी धोक्याच्या लक्षणांत मोडते. प्लेटलेटच्या आकड्याचा खरा उपयोग हा एवढा आहे.

रक्तस्राव नसताना केवळ आकडा कमी आहे म्हणून प्लेटलेट चढवण्याने फायदा होत असल्याचे दिसलेले नाही. सिंगापूर आणि मलेशियात प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २० हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट असलेल्या रुग्णांना त्या चढवूनही रक्तस्राव कमी झाला नाही, उलट ॲलर्जीसारखे दुष्परिणाम अधिक दिसले. भारतातील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही रक्तस्राव नसेल, तर १० हजारांच्या खाली गेल्यावरच प्रतिबंधक म्हणून प्लेटलेटचा विचार सांगितला आहे. तरीही ४० हजार आकडा पाहून ‘जंबो’ पिशवीसाठी (एकाच दात्याच्या प्लेटलेटच्या मोठ्या पिशवीसाठी) रात्री रक्तपेढ्यांचे उंबरठे झिजवणारे नातेवाईक दर वर्षी दिसतात, आणि त्या दडपणाखाली पिशवी लिहून देणारे डॉक्टरही दिसतात, हे दुर्दैवाने खरे आहे. पिशवी लिहून दिली असेल, तर ‘रक्तस्राव आहे का, आणि कोठून?’ हा प्रश्न नम्रपणे विचारावा. किवी, ड्रॅगन फ्रूट आणि पपईच्या पानांचा रस यांविषयी एवढेच सांगता येईल की फळे खायला हरकत नाही, परंतु कडू रस पाजून होणाऱ्या उलट्या या आजारात परवडत नाहीत.

इतर आकडे आणि दुसऱ्या आजारांची शंका

सीआरपी, म्हणजे शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन, डेंग्यूत फारसे वाढत नाही. ते खूप जास्त आले, तर जोडीला जिवाणूंचा संसर्ग आहे का, याचा विचार होतो. मुंबई-कोकणात पाणी तुंबल्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिस याच तापाच्या वेषात येतो. तेथे प्लेटलेट कमी असतातच, परंतु बिलिरुबिन आणि क्रिएटिनिन दोन्ही वाढलेले, एसजीओटी-एसजीपीटी मात्र त्या मानाने बेताचेच वाढलेले आणि सीआरपी चढलेले, असे चित्र असते. हा जिवाणूजन्य आजार असून त्यावर प्रतिजैविके लागू पडतात, म्हणून तो वेळेवर ओळखणे महत्त्वाचे. चिखलपाण्यातून चाललो होतो, ही गोष्ट रुग्णाने आपण होऊन सांगितली पाहिजे.

फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन दाह झाल्यावरही वाढते आणि डेंग्यूत हजारांत जाऊ शकते. ते १०,००० च्या पुढे गेले, ताप सात दिवसांनंतरही उतरेना, आणि तिन्ही प्रकारच्या पेशी घसरत राहिल्या, तर प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशी नष्ट करू लागली आहे का, हे डॉक्टर तपासतात. त्यात ट्रायग्लिसराइड आणि फायब्रिनोजेनही पाहतात. रक्त गोठण्याच्या चाचण्यांपैकी एपीटीटी डेंग्यूत लांबलेली आढळते, परंतु रक्तस्राव नसेल तर केवळ त्यासाठी प्लाझ्मा देत नाहीत.

रिपोर्ट चुकीचा असण्याची शक्यता

एखादा आकडा आधीच्या चालीशी मुळीच जुळत नसेल, तर निर्णयापूर्वी नमुना पुन्हा घेण्याविषयी विचारावे. सलाईन चालू असलेल्याच हातातून, सुईच्या वरच्या बाजूने रक्त घेतले, तर त्यात बाटलीतले द्रव मिसळते आणि हिमॅटोक्रिट एकदम घसरलेले, साखर किंवा सोडियम भलतेच, असा रिपोर्ट येतो. तांबड्या पेशी फुटलेल्या नमुन्यात पोटॅशियम आणि एसजीओटी खोटे वाढतात. असा नमुना असल्यास प्रयोगशाळा रिपोर्टच्या तळाशी तसे लिहिते, म्हणून तळाच्या टिपा वाचाव्यात. काही माणसांच्या प्लेटलेट जांभळ्या झाकणाच्या नळीतील रसायनामुळे एकमेकींना चिकटतात आणि यंत्राला त्या कमी दिसतात. अशा वेळी काचपट्टीवर पाहून किंवा निळ्या झाकणाच्या नळीत नमुना घेऊन खात्री करतात. उलट, लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी इतक्या लहान असतात की यंत्र त्यांतल्या काहींना प्लेटलेट समजते आणि आकडा खोटा वाढतो.

पाणी परत येते तेव्हा

सहाव्या-सातव्या दिवसानंतर झिरपलेले पाणी रक्तात परतू लागते. लघवी खूप होते, भूक लागते, हिमॅटोक्रिट मूळ आकड्यापर्यंत किंवा थोडे खालीही येते, नाडी संथ होते आणि अंगावर लालसर पुरळ व त्यात पांढरे ठिपके उमटतात. याच वेळी शिरेतले सलाईन आधीच्या वेगाने चालू राहिले, तर पाणी फुप्फुसात भरून दम लागू शकतो. धोक्याच्या टप्प्यात पाणी कमी पडणे जितके वाईट, तितकेच या टप्प्यात ते जास्त होणे वाईट. सलाईन काढले म्हणून तक्रार करणाऱ्या नातेवाइकांनी हे लक्षात घ्यावे.

घरी सोडताना तापाचे औषध न देता २४ तास ताप नसावा, जेवण सुरू झालेले असावे, लघवी चांगली व्हावी, दम नसावा, हिमॅटोक्रिट स्थिर असावे आणि प्लेटलेट ५० हजारांच्या वर असून चढत्या असाव्यात. शॉकमधून सावरलेल्या रुग्णाला त्यानंतर आणखी दोन-तीन दिवस थांबवतात. प्लेटलेट दीड लाख होईपर्यंत रुग्णालयात राहण्याची गरज नसते. घरी गेल्यावर साधारण दोन-तीन दिवसांनी एकदा सीबीसी करावी. एसजीओटी-एसजीपीटी बरेच वाढलेले होते अशांनी दोन-तीन आठवड्यांनी ते पुन्हा तपासावे आणि आकडे पूर्ववत होईपर्यंत मद्य तसेच ‘लिव्हर साफ’ करणारे काढे व पुड्या टाळाव्यात. बरे झाल्यानंतर सहा महिने रक्तदान करता येत नाही. त्या रुग्णासाठी प्लेटलेट देऊन गेलेल्या मित्रमंडळींपैकी कोणाला पुढे डेंग्यू झाला, तर त्यांनाही हाच नियम लागू होतो.